पानगव्हाणेंना, पुस्तकं परत करताना

चार नेली होती, तीन परत.
चौथ्याचं शेवटी सांगते.

ते सातशे पानांचं जाडजूड आधी घ्या.
उघडलं की नकाशा, पाच राज्यं, एक गोठलेला समुद्र
आणि राजांची वंशावळ, आमच्या भाऊबंदांच्या सातबाऱ्यासारखी,
कुणाला कळू नये म्हणूनच लिहिलेली.
शंभराव्या पानापर्यंत अकरा माणसं मेली.
मला एकाचंही वाईट वाटलं नाही.
अंधार म्हणजे प्रेतांची मोजदाद नव्हे, पानगव्हाणे.
मरायच्या आदल्या रात्री त्या घोडेवाल्यानं काय खाल्लं
एवढं जरी सांगितलं असतं
तरी बिटको चौकात रिक्षातून उतरताना
त्याच्यासाठी मी क्षणभर थांबले असते.

निळ्या पुठ्ठ्याच्या कादंबरीतला राक्षस बरा होता.
दोनशे पानं नुसता दाराबाहेर उभा.
मी कडी दोनदा तपासली, खरंच.
मग लेखकाला दया आली
आणि त्यानं राक्षसाला बालपण दिलं:
बाप मारायचा, गावानं हाकललं, वगैरे.
आमचे सासरे लाडाकोडात वाढलेले,
दुधावरची साय फक्त त्यांना,
तरी भरलं ताट भिरकावायचे.
काही गोष्टींना कारण नसतं,
तेवढं लिहून गप्प बसायला धीर लागतो.

आता चित्रांचं.
इथं मला बोलायचा हक्क आहे.
सव्वीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे तावच्या ताव डोळ्यांखालून घातले.
रेघ केसाएवढी तुटली तरी ताव बाद.
या चित्रकाराचा काळा रंग आळशी आहे.
जिथं काढता आलं नाही तिथं ओतलाय.
काळा चढवावा लागतो, रेघेवर रेघ,
दिव्यावर ताटली धरून काजळ धरतात तसा, वेळ देऊन.
आणि चौकटी! एका पानात बारा,
मधली पांढरी पट्टी दोऱ्याएवढी.
अहो, भीती त्या पट्टीतच राहते ना?
या चौकटीत बाई वात सारतेय,
पुढच्या चौकटीत दिवा आहे, बाई नाही.
मधलं मी घडवते,
रात्री अडीचला पाणी प्यायला उठून.
तेवढी जागा ठेवा म्हणावं मला.

परवा तुम्ही म्हणालात, ताई, या वयात हे असलं?
हसून म्हणालात, म्हणून मीही हसले.
आपल्या गावाचं नाव
एका कापलेल्या नाकावरून पडलं म्हणतात.
तपोवनात जागा दाखवतात, बोट करून, इथं.
शेजारी उसाचा रस मिळतो.
चौथीच्या सहलीत मी विचारलं होतं,
मग ती घरी कशी गेली? रक्त कुणी पुसलं?
बाईंनी मला रांगेत शेवटी उभं केलं.
पुढची चौकट कुणाकडेच नव्हती.

तर चौथं.
पातळ आहे, शिवण उसवलेली, शब्द जवळजवळ नाहीतच.
एक मुलगी विहिरीत उतरते, पायरी पायरीनं,
चाळीस पानं.
बेचाळिसाव्या पानावर ती वर येते
आणि तिचे केस पांढरे.
मधलं पान कुणीतरी फाडून नेलंय.
आधी तुमच्यावर चिडले, मग त्या चोरावर.
मग नातवाची काळी शाई घेतली, टाक घेतला.
तीन रात्री झाल्या.
माझ्याच भिंगाखाली माझे सहा कागद बाद.
पायऱ्या जमतात, पाणी जमतं,
पाण्यात दिसणारं जे आहे ते नाही.

दंड रोजचा रुपया ना? लिहून ठेवा.
आणि ते सातशे पानांचं, त्याचा दुसरा भाग आला
तर माझ्यासाठी बाजूला काढा.
गोठलेल्या समुद्राखाली काहीतरी हललं होतं शेवटी.

कुमुदिनी खैरनार
सभासद क्रमांक २१८